दर उन्हाळ्यात फोर्कलिफ्टची बॅटरी तापते? चार्जर बदलण्याआधी हे तपासा

एप्रिल लागला की तक्रारी सुरू होतात. बुटीबोरी, हिंगणा, वाळूज, चाकण, कुठूनही फोन येवो, मजकूर तोच असतो. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीला हात लावता येत नाही, डीएम वॉटरचे (बॅटरीत टाकायच्या क्षारमुक्त पाण्याचे) कॅन आधीच्या दुप्पट संपतात आणि दुसऱ्या शिफ्टला फोर्कलिफ्ट अर्ध्यातच मान टाकते. मग मीटिंग होते आणि ठरतं की चार्जर जुने झाले, ९४ टक्के एफिशियन्सीचे नवे मागवा. नवे येतात, भिंतीवर छान दिसतात. पुढच्या एप्रिलला बॅटरी पुन्हा ५४ अंशावर.

यात नव्या चार्जरचा दोष असेलच असं नाही. घोळ हा की दोन निरनिराळ्या उष्णता एकाच खात्यात टाकल्या जातात. एक चार्जरच्या पेटीत तयार होते. ब्रोशरवरचा एफिशियन्सीचा आकडा फक्त तिच्याबद्दल बोलतो. दुसरी बॅटरीच्या पोटात तयार होते. ती किती एएच (अँपिअर-अवर, म्हणजे किती अँपिअर किती तास) परत भरले आणि शेवटच्या दोन-तीन तासांत कसे भरले यावर ठरते. बॅटरी मरते ती दुसरीने. पहिली फार तर खोली तापवते आणि बिल वाढवते.

आकडे मांडले की हे लगेच कळतं. ४८ व्होल्ट, ६०० एएचची साधी पाण्याची लेड-ॲसिड बॅटरी घ्या, म्हणजे २४ सेल, वजन साधारण ९५० किलो. शिफ्टमध्ये ८० टक्के वापरली, म्हणजे ४८० एएच काढले. जुन्या पद्धतीचा चार्जर १.१८ च्या गुणकाने परत भरतो, म्हणजे ५६६ एएच. सरासरी २.३५ व्होल्ट प्रति सेल धरले तर बॅटरीच्या टर्मिनलवर सुमारे ३२ युनिट जातात. चार्जर ८४ टक्क्यांचा असेल तर मीटरवर ३८ युनिट पडतात, ९३ टक्क्यांचा असेल तर ३४ च्या आसपास. फरक पावणेचार युनिटचा. तेवढी उष्णता चार्जररूममध्ये कमी सुटेल, हा फायदा खरा आहे. आठ-दहा चार्जर एका खोलीत असतील तर तो जाणवतोही.

आता बॅटरीकडे या. ३२ युनिट आत गेले, त्यातले साधारण २४ रासायनिक रूपात साठले. काढलेल्या ४८० च्या वर भरलेल्या ८६ एएचने पाणी फोडलं, त्यात तीनेक युनिट हायड्रोजन-ऑक्सिजनच्या रूपाने उडून गेले. उरलेले जवळपास ५ युनिट सरळ उष्णता झाले. एवढ्या वजनाच्या बॅटरीला एक युनिट उष्णता साडेतीन ते चार अंशांनी तापवते. काहीच बाहेर गेलं नाही असं धरलं तर १८ अंशांची वाढ. प्रत्यक्षात आठ-नऊ तासांत बरीचशी निघून जाते आणि दहा-बारा अंश उरतात. जानेवारीत बॅटरी २५ वरून ३६ ला गेली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मे महिन्यात विदर्भात ती शिफ्ट संपवून येते तेव्हाच ४२-४३ वर असते. पुढचं सांगायला नको.

या सगळ्या हिशेबात चार्जरची एफिशियन्सी ८४ असो की ९३, बॅटरीतले ते ५ युनिट तसेच राहिले. ते कमी करायचे तर १.१८ हा गुणक खाली आणावा लागतो.

आधी तापमान नीट मोजा

इन्फ्रारेड गनने झाकणावर लाल ठिपका पाडून आलेला आकडा लॉगबुकात लिहू नका. झाकण थंड आणि ॲसिड गरम असं सर्रास असतं. काचेचा थर्मामीटर मधल्या ओळीतल्या सेलमध्ये बुडवा, कडेच्या नाही. कडेचे सेल ट्रेच्या पत्र्यातून उष्णता सोडत असतात, मधले अडकलेले असतात. चार्जिंग लावण्यापूर्वी एक रीडिंग, संपताना एक. या दोन आकड्यांच्या वजाबाकीतच अर्धं निदान होतं.

वाढ १० ते १२ अंशांची असेल आणि तरी शेवट ५० च्या वर जात असेल, तर चार्जरला दोष देऊ नका. बॅटरी मुळातच गरम असताना लावली जाते आहे. वाढ १५-१८ च्या वर असेल तर चार्जर, त्याची सेटिंग किंवा एखादा सेल यांत गडबड आहे. बहुतेक बॅटरी उत्पादक चार्जिंगमध्ये ४५ अंशांच्या आसपास थांबायला सांगतात, ५५ ही अगदी शेवटची हद्द. दर १० अंश जादा तापमानाला आयुष्य निम्मं होतं हा ढोबळ नियम आहे, पण लेड-ॲसिडच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खरा ठरतो.

पहिल्या प्रकारचा उपाय फुकट आहे. आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास विश्रांती हे जुनं वेळापत्रक उगाच आलेलं नव्हतं. स्पेअर बॅटरी काढून टाकली, जेवणाच्या सुट्टीत मध्येच चार्जिंग सुरू केलं, की विश्रांतीचे तास गेले. शिफ्टहून आल्यावर निदान दोन तास थांबा आणि चार्जिंग रात्री उशिरा लावा. टाइम-ऑफ-डे दर बघून चार्जिंग दुपारी हलवायचा विचार असेल तर वाचलेल्या पैशांसमोर बॅटरीचं आयुष्यही मांडा. आणखी एक गोष्ट, जी सांगूनही कुणी करत नाही: चार्जिंग करताना सीट किंवा बॅटरीचं कव्हर उघडं ठेवा. वरच्या हिशेबातल्या ८६ एएचमधून २४ सेलमध्ये मिळून ९०० लिटरच्या वर हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. कव्हर उघडल्याने उष्णताही जाते आणि गॅसही.

शेवटचा तास क्लॅम्प लावून बघा

दुसऱ्या प्रकारची, म्हणजे वाढच जास्त असल्याची तक्रार असेल तर चार्जिंगच्या शेवटच्या तासात डीसी टोंग टेस्टर (वायरभोवती लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर) घेऊन उभं राहा. शेवटचा करंट १०० एएचला ४ ते ५ अँपिअर असावा. आपल्या ६०० एएचच्या बॅटरीला २५ ते ३०. पन्नास दिसला तर ती वीज चार्जिंग करत नाही, पाणी फोडते आहे.

करंट इतका का राहतो, हे चार्जर कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून आहे.

फेरोरेझोनंट चार्जर हा गुणगुणणारा जाडजूड ट्रान्सफॉर्मर. त्याचा कोर मुद्दाम सॅच्युरेशनमध्ये चालवलेला असतो, म्हणून तो स्वतः भरपूर तापतो आणि ८० ते ८८ टक्क्यांच्या पट्ट्यात राहतो. लाइन व्होल्टेज वरखाली झालं तरी आउटपुट फारसं हलत नाही, आणि आत बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. वीस वर्षं चाललेले फेरो चार्जर अजून भिंतीवर आहेत, त्यांचा मला आदर आहे. पण तो आंधळा आहे. बॅटरीचं व्होल्टेज चढलं की त्याचा करंट आपोआप उतरतो, एवढंच त्याला कळतं. बॅटरी गरम किंवा म्हातारी झाली की तिचं व्होल्टेज पूर्वीइतकं चढत नाही. मग करंट उतरत नाही, बॅटरी आणखी तापते, व्होल्टेज आणखी बसतं. उन्हाळ्यातली तक्रार फेरोवर जास्त येते ती यामुळे. उपाय: टायमर कट-ऑफ तपासा, आउटपुट टॅप (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज ठरवणारी जोडणी) एक पायरी खाली घ्या, आणि बॅटरी थंड असतानाच लावा. करंट सुरुवातीपासूनच कमी येत असेल तर एसी कपॅसिटर बघा. फुगलेला किंवा तेल पाझरलेला कपॅसिटर हे फेरोचं एकमेव नेहमीचं दुखणं. हात घालण्यापूर्वी तो डिस्चार्ज करायला विसरू नका.

एससीआर किंवा थायरिस्टर चार्जरला कंट्रोल कार्ड असतं, त्यामुळे शेवटचा करंट त्याला बांधून देता येतो. एफिशियन्सी फेरोसारखीच, कधी थोडी कमी. त्याचे दोष दोन. फिनिशिंगला, म्हणजे चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्याला येताना फायरिंग अँगल (थायरिस्टर चालू होण्याचा क्षण) मागे सरकतो आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरं काम करणारा भाग) कोसळतो. महाराष्ट्रात एचटी (हाय टेन्शन) ग्राहकांचं बिलिंग एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या विजेवर) आहे, त्यामुळे हा दोष आता थेट बिलात उतरतो. पूर्वी तो पेनल्टी-इन्सेंटिव्हच्या ओळीत लपायचा. दुसरा दोष रिपल, म्हणजे डीसी करंटमध्ये उरलेला चढउतार. चार्जिंग होतं सरासरी करंटने, उष्णता तयार होते आरएमएस (चढउतार धरून काढलेल्या) करंटने. रिपल जितका जास्त तितकी तेवढ्याच एएचमागे उष्णता जास्त.

थ्री-फेज एससीआर चार्जरमध्ये एका फेजचा फ्यूज उडाला किंवा एक थायरिस्टर फायर होईनासा झाला तरी चार्जर बंद पडत नाही. आवाज बदलतो, करंट थोडा उतरतो, चार्जिंग दोन तास लांबतं आणि बॅटरी तापते. मीटरवर सगळं ठीकच दिसतं. ओळखायची सोपी रीत: मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर लावा आणि शेजारच्या त्याच मेकच्या चांगल्या चार्जरशी तुलना करा, बॅटरी आणि करंट साधारण सारखे असताना. एकावर दुसऱ्याच्या दीडपट-दुप्पट एसी दिसला की फ्यूज, गेट वायर आणि पल्स ट्रान्सफॉर्मर याच क्रमाने बघा. या तपासाला पाच मिनिटं लागतात आणि तरी तो बहुतेक ठिकाणी कधीच झालेला नसतो.

हाय फ्रिक्वेन्सी चार्जर, ज्याला आपल्याकडे सरसकट एसएमपीएस म्हणतात, तो ९० ते ९४ टक्के देतो. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असेल तर पॉवर फॅक्टर ०.९५ च्या वर. रिपल नगण्य, वजन हलकं, आणि मुख्य म्हणजे प्रोफाइल (कोणत्या टप्प्यात किती करंट आणि व्होल्टेज) हवा तसा लिहिता येतो. आपला १.१८ खाली आणायची खरी ताकद इथे आहे. ॲसिडमध्ये हवा सोडून ते ढवळणारी एअर मिक्सिंग सिस्टीम जोडीला असेल तर १.०७-१.०८ वर काम भागतं. तेव्हा जादा एएच ८६ चे ३८-४० होतात, बॅटरीतली उष्णता ५ युनिटची साडेतीनच्या आसपास येते, म्हणजे चार-पाच अंश वाचले, आणि दर चार्जिंगला उडणारं ७०० मिली पाणी ३०० वर येतं.

ढवळण्याची सोय नसताना कुणी उत्साहाने गुणक १.०५ वर आणून ठेवला तर मात्र वेगळंच संकट. जड ॲसिड तळाला बसतं, वरून हायड्रोमीटरला ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) कमी दिसते, खालच्या भागात प्लेट सल्फेट होतात (कडक सल्फेट चढतं). शेवटचं गॅसिंग (पाणी फुटून गॅस निघणं) काही अंशी ढवळण्यासाठीच असतं. त्यामुळे साध्या बॅटरीला १.१० ते १.१५ च्या खाली नेऊ नये असं माझं मत.

नवा चार्जर, जुनीच आग

नागपूरकडच्या एका गोदामात एसएमपीएस चार्जरची आख्खी रांग नवी बसवलेली होती. चार्जरचे कॅबिनेट गार, डिस्प्लेवर हिरवं "कम्प्लीट", आणि बॅटरी ५३-५४ अंशांवर. चार्जरमागे बघितलं तर तापमानाचा प्रोब कारखान्यातून आला तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, वायरचं वेटोळं केबल टायने स्टँडला बांधलेलं. बसवणाऱ्याला तो जादाचा स्पेअर वाटला असावा. प्रोब बॅटरीला न लावल्याने चार्जर खोलीचं तापमानच बॅटरीचं समजत होता, आणि एअर कंडिशनरच्या डक्टखाली ते बिचारं २७-२८ असायचं.

याचा परिणाम किती? गॅसिंगची मर्यादा २५ अंशांना साधारण २.४० व्होल्ट प्रति सेल. तापमान एक अंश वाढलं की ती सेलमागे सुमारे ४ मिलिव्होल्टने खाली यायला हवी. बॅटरी ५० वर आणि चार्जरला ती २७ वर वाटत असेल, तर २३ अंश गुणिले ४ मिलिव्होल्ट गुणिले २४ सेल, म्हणजे सव्वादोन व्होल्ट जास्त. ४८ व्होल्टच्या बॅटरीला हा जाच रोज, शेवटचे तीन तास. प्रोब मधल्या सेलच्या इंटरसेल कनेक्टरवर (दोन सेल जोडणाऱ्या पट्टीवर) बसवला आणि त्याच रांगेतली आणखी एक गफलत दुरुस्त केली: ४५० एएचच्या तीन बॅटऱ्या ६०० च्या प्रोफाइलवर चालत होत्या. बॅटरी बदलली की चार्जरचं सेटिंग बदलायचं असतं, हे हँडओव्हरच्या कागदावर कुठेच नव्हतं. पुढच्याच आठवड्यात शेवटचं तापमान ४६-४७ वर आलं. चार्जर तेच, एफिशियन्सी तीच.

एसएमपीएसचं स्वतःचं दुखणं धूळ. हीटसिंकच्या पट्ट्यांत रुई आणि पुठ्ठ्याचा भुसा भरला, पंखा अडकला, की तो जळण्याऐवजी शहाणपणाने करंट कमी करतो. सकाळी बॅटरी अर्धवट भरलेली मिळते आणि शिव्या बॅटरीला पडतात. खोली ४० किंवा ४५ अंशांच्या वर गेली की अनेक चार्जर असेच डीरेट होतात (करंट कमी करतात), डेटाशीटमध्ये ते बारीक अक्षरात असतं. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, आणि चार्जर बॅटरीच्या थेट वर टांगू नका. ॲसिडची वाफ कार्डावर बसते आणि दोन पावसाळ्यांत कार्ड हिरवं पडतं.

चार्जर ठीक असेल तर

सेल बघा. फिनिशिंग करंट चालू असताना प्रत्येक सेलचं व्होल्टेज घ्या. चांगल्या सेलवर २.५५ ते २.७० दिसेल. एखादाच २.१-२.२ वर अडकलेला आणि शेजाऱ्यांपेक्षा गरम असेल तर तो आतून शॉर्ट आहे. त्याच्यामुळे एकूण व्होल्टेज चढत नाही आणि चार्जर बाकीच्या २३ सेलना भाजत राहतो. उलट, व्होल्टेज पहिल्या तासातच चढलं, बॅटरी तापली, आणि चार्ज संपल्यावरही ग्रॅव्हिटी १.२८० च्या जवळपास न जाता १.२२० वरच राहिली, तर सल्फेशन. तिथे कमी करंटचं लांब इक्वलायझिंग (सगळे सेल सारखे भरणारं जादा चार्जिंग) करून बघा. दोन-तीन वेळा करूनही ग्रॅव्हिटी हलली नाही तर खर्च थांबवा. ग्रॅव्हिटी वाचताना तापमानाची दुरुस्ती करा: संदर्भ तापमानाच्या वर प्रत्येक अंशाला ०.०००७ मिळवायचे. २५ अंशांच्या संदर्भाने ५० अंशावरचा १.२६५ हा प्रत्यक्षात १.२८२ असतो. बऱ्याच चांगल्या बॅटऱ्या या एका बेरजेअभावी "डाउन" ठरतात.

कनेक्टर विसरू नका. बॅटरी आणि चार्जर जोडणाऱ्या अँडरसन प्लगवर १०० अँपिअरला अर्धा व्होल्ट ड्रॉप म्हणजे ५० वॉट त्या एवढ्याशा जागेत. प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल तर काँटॅक्ट घासून पॉलिश करण्यात वेळ घालवू नका, बदला. आणि चार्जर बंद केल्याशिवाय प्लग ओढू नका, काँटॅक्ट त्यानेच जळतात. गॅसिंग चालू असेल तर ती ठिणगी नुसती काँटॅक्टपुरती राहत नाही.

लिथियमचं थोडक्यात. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत घातलेल्यातलं ९५ टक्क्यांच्या आसपास परत मिळतं, गॅस नाही, पाणी नाही, आणि बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) स्वतः कॅन (CAN) या डेटा लाइनवरून चार्जरला करंट सांगते. दोन-तीन शिफ्ट आणि मधल्या सुट्टीतलं चार्जिंग असेल तर उष्णतेच्या तक्रारीचा तो खरा तोडगा आहे. एका शिफ्टच्या कामाला मला अजून लेड-ॲसिडच परवडणारी वाटते. जुना लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला लावून "चालतंय की" म्हणणारे भेटतात. त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही.

नवा चार्जर घ्यायचाच असेल तर विक्रेत्याला फुल लोडची एफिशियन्सी विचारू नका, ती सगळ्यांचीच चांगली असते. फिनिशिंग करंटवर एफिशियन्सी आणि पॉवर फॅक्टर किती, एएच गुणक किती आणि तो बदलता येतो का, तापमानाचा प्रोब किमतीत आहे की वेगळा, आणि किती अंशांच्या खोलीत पूर्ण करंट मिळेल, एवढं लेखी घ्या. पैशांचा हिशेब स्वतः करा. दर चार्जिंगला पावणेचार युनिट, युनिट ९ रुपये आणि वर्षाला ३०० चार्जिंग धरले तर फक्त पेटीच्या एफिशियन्सीतून दहा हजार रुपये सुटतात. गुणक १.१८ वरून १.०८ वर आला तर आणखी तीनेक युनिट वाचतात, आणि बॅटरीचं आयुष्य वाढतं ते वेगळंच.

हे सगळं करूनही वाढ १५ अंशांच्या वर राहिली तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा, पण त्याच्या हातात आधीच हे द्या: बॅटरीचे व्होल्ट, एएच आणि वय, चार्जरची जात आणि सेट केलेला एएच, सुरुवातीचं आणि शेवटचं ॲसिडचं तापमान, शेवटच्या तासातला करंट, टर्मिनलवरचा एसी व्होल्ट, आणि फिनिशिंगला घेतलेले चोवीसही सेलचे व्होल्टेज.